वस्तूचे वर्णन

ग्राहक आयोगाच्या अर्जात सहावा रकाना आहे:
वस्तूचे वर्णन.
चौगुलेबाई चष्म्यावरून बघतात,
"मिक्सर हाय का फ्रिज?"
गेम होता, म्हणतो मी.
"मग आणा की. सीडी, डबा, काय असंल ते."

डबा नव्हता, बाई.
दोन हजार चारशे नव्याण्णव रुपये होते,
उद्यमनगरात लेथवर उभं राहून केलेल्या
चार रात्रींच्या ओव्हरटाइमचे.
ते गेले, त्याची नोंद बँकेत आहे.
आलं काय, त्याची नोंद कुठंच नाही.

एकतीस मार्चला कंपनीनं सर्व्हर बंद केला.
पत्र गोड होतं. प्रिय खेळाडू,
तुमच्या प्रेमामुळंच आम्ही इथवर आलो.
खाली बारीक अक्षरात,
तुम्ही गेम घेतला नव्हता,
खेळायची परवानगी घेतली होती.
त्रेचाळीस पानांच्या अटी, आणि तळाला एक बटण: मान्य आहे.
मी दाबलं होतं. खोटं कशाला बोलू.
कोण वाचतं, बाई? तुम्ही वाचता?

"मी फकस्त अर्ज घेती," म्हणाल्या.

लक्ष्मीपुरीत हुक्केरीचं दुकान होतं.
मी सातवीत असताना त्यानं मला
नऊशे नव्याण्णव खेळांची कॅसेट विकली.
घरी मोजले तर अकराच,
तेच ते, नावं बदलून.
लुच्चा माणूस.
पण विकलेली कॅसेट न्यायला
तो रात्री कौलं काढून घरात उतरला नाही.
अजून माळ्यावर आहे.
फुंकर मारली की चालते.

आणि मी पंपाचे बुश करतो.
केसभर माप चुकलं तर गिऱ्हाईक माल तोंडावर फेकतं,
फेकू दे, त्याचा हक्क आहे.
पण शिरोळला कुणाच्या विहिरीवर जाऊन
चालत्या पंपातला बुश
मी काढून आणलाय, असं एकदा तरी झालंय?
गंगावेशीत म्हशीखालचं दूध
ग्लासात पडलं की आपलं.
म्हशीनं कधी अटी वाचायला दिल्या नाहीत.

बाई हसल्या. मग घड्याळाकडं बघितलं.
"वर्णन सांगा."

तर लिहून घ्या.
एक दगडी पूल. खाली तळं, त्यात संध्याकाळ कायमची अडकलेली.
रात्री साडेदहाला मी पुलावर यायचो
आणि मस्कतहून ताजुद्दीन मुजावर.
कॉलवर तो बायकोपोरांचा, पुलावर माझा.
पुलापलीकडं आम्ही आखाडा खणला, अकरा दिवस.
गेममध्ये लाल माती मिळत नव्हती,
म्हणून विटा भाजल्या, फोडल्या, भुकटी पसरली.
शड्डूचं बटण नव्हतं.
दोनदा बसून उठलं की शड्डू, असं ठरवलं.
एक कोरियातला पोरगा यायचा,
त्याची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्याला,
पण दारात वाकून माती कपाळाला लावल्यासारखं करायचा
आणि दोनदा बसून उठायचा.

शेवटच्या रात्री तिघं होतो.
बारा वाजायच्या आत मी
गेम करणाऱ्यांची नावं उघडली, कधी बघितली नव्हती.
तीनशेवर माणसं.
तळ्याचं पाणी कुणी एका बाईनं रंगवलं होतं,
पाण्यापुढं तिचं एकटीचं नाव.
तिला ह्यात ओढू नका, बाई.
तिलाही असंच पत्र गेलं असेल,
प्रिय सहकारी, म्हणून.
मग पडद्यावर आलं, जोडणी तुटली,
पुन्हा प्रयत्न करा.
मी केला.
बराच वेळ केला.

रकान्यात दोनच ओळी होत्या.
चौगुलेबाईंनी पेन झटकलं,
जपून, सुवाच्य लिहिलं:
आखाडा, नग एक.
मग मान वर न करताच विचारलं,
"माती लाल लिहू का विटकरी?"